चार बोटं वर

५ मार्च

डॉक्टरांनी सांगितलंय, रोज सकाळी ह्यांचं वजन आणि पोटाचा घेर लिहायचा, आणि काही वेगळं वाटलं तर तेही. घरात कोरी वही नव्हती. मग गिऱ्हाइकांच्या मापांची वही उलटी केली आणि मागून सुरुवात केली. पुढून लोकांच्या बाह्या नि कंबरा, मागून आमचे हे.

वजन एकोणसत्तर किलो. पोट सव्वाएकेचाळीस इंच. हातपाय काड्यांसारखे झालेत आणि पोट तेवढं पुढे, त्यात पाणी साठलंय. शिवणकामात माझी चाळीस वर्षं गेली, पण आज ह्यांच्या पोटाभोवती टेप लावल्यावर आकडा मोठ्यानं म्हणवेना.

यकृत आकसलंय आणि कडक झालंय असं निघालं. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, किती पिता? ह्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. दुकानांचे बोर्ड रंगवता रंगवता टर्पेंटाइनचा वास मात्र पोटभर घेतला. डॉक्टर म्हणाले, त्यानंही असेल, नसेलही, कधी कधी कारण सापडतच नाही. समोरच्या काकूंना ते सापडलंय. जिन्यात गाठून मला हळूच विचारतात, "सोडली का हो त्यांनी?" मी म्हटलं, "अहो, धरायचीच राहून गेली."

६ मार्च

काल एक गोष्ट लिहिली नाही. ती न लिहिता पुढे गेले तर ही वही खोटी होईल.

औषधांनी पाणी उतरेल, पण यकृत पहिल्यासारखं होणार नाही. दुसरं बसवावं लागेल. घरातल्या कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा द्यायचा, मग देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं, दोन्ही काही महिन्यांत वाढून पुरेसं होतं म्हणे. माझं वय चालत नाही आणि रक्तगटही जुळत नाही. डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, "मुलगी आहे ना तुम्हाला? एकतीस वर्षांची?"

हे खुर्चीतून उठलेच. "तिचं नाव काढायचं नाही," म्हणाले.

"सहा आठवडे औषधांवर बघू," डॉक्टर म्हणाले. "मग मात्र बोलावं लागेल."

मी पर्सची चेन उघडली आणि लावली. सहा आठवडे मिळाले ह्याचंच मला बरं वाटलं. इकडे आड तिकडे विहीर असताना कुणी म्हणालं, सहा आठवडे मध्येच उभ्या राहा, तर मी आनंदानं उभी राहीन.

८ मार्च

भिंगरी येऊन गेली. आमची एकुलती एक. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून ह्यांनी ठेवलेलं नाव, आता लिफ्ट दुरुस्त करते, म्हणजे दिवसभर वर आणि खाली. नदीपलीकडे एकटी राहते, त्यावरून मी तिला बरीच वर्षं बोलतेय आणि ती बरीच वर्षं ऐकत नाहीये.

बाबांना काय झालंय ते तिला सांगितलं. बसवण्याबद्दल बोलले नाही. तिनं रिपोर्टची फाइल मागितली, खिडकीशी उभं राहून सगळी वाचली आणि परत जागेवर ठेवली. मग मिठाचा डबा उचलून वरच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवून गेली.

१० मार्च

एका गिऱ्हाईक बाईंनी दिवेबाईंचं नाव सांगितलं. खरं नाव काहीतरी वेगळं आहे, पण सगळे दिवेबाईच म्हणतात. छत्री दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली, हिरवा पडदा, एक खाट, आणि भिंतीवर एका माणसाचं चित्र, अंगभर ठिपके असलेलं. मला तो बटणं लावायला आलेल्या कोटासारखा दिसला.

उपचार असा: सुई नाही, टोचणं नाही. सुया जिथे टोचतात त्याच जागांवर नुसता उजेड धरायचा. पेनाएवढी कांडी, टोकाला मुगाच्या दाण्याएवढा लाल दिवा. एकेका जागी शंभर आकडे मोजायचे. यकृताच्या जागा म्हणे पायात आहेत. कुठे यकृत आणि कुठे पाय, पण बुडत्याला काडीचा आधार, आणि इथे तर काडीला दिवाही आहे.

दिवेबाई सरळ आहेत. पूर्वी हॉस्पिटलात व्यायाम शिकवायच्या. म्हणाल्या, "मी यकृत बरं करते असं कुणाला सांगत नाही. झोप लागते, मळमळ कमी होते, एवढं पाहिलंय. आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या तर माझा जिना चढायचा नाही."

"किती दिवसांत फरक पडेल?" मी विचारलं.

"हे बघा, पी हळद नि हो गोरी असं नसतं."

"हळदीचं माझं झालंय," हे म्हणाले, आणि पिवळे डोळे मोठे करून दाखवले. "आता गोरं तेवढं व्हायचंय." बाई हसल्या. मीही हसले, बऱ्याच दिवसांनी.

मग जागा शिकवल्या. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट ह्यांच्या बेचक्यापासून दोन बोटं मागे. घोट्याच्या आतल्या हाडापासून चार बोटं वर. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, बाहेरच्या अंगाला. बाई म्हणाल्या, "पट्टी, टेप काही नको. बोटांनी मोजायचं. आणि माप ज्याचं त्याचं, हे विसरू नका." मला हसू आलं. ज्याचं माप त्याचंच घ्यायचं हे शिवणाऱ्या बाईला सांगणं म्हणजे माशाच्या पिलाला पोहायला शिकवणं. माझी चार बोटं म्हणजे पावणेतीन इंच, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल.

११ मार्च

पहिला दिवस. संध्याकाळी मशीन बंद केलं, पडदा ओढला, खाटेशी स्टूल घेतलं. कपड्यावर खुणा करायचा खडू घेऊन ह्यांच्या पायावर मोजायला बसले. घोट्यावर माझी चार बोटं टेकवली आणि वर फुली मारली. हे मान उचलून माझ्या हाताकडे बघत होते. काही बोलणार आहेत असं वाटलं, पण बोलले नाहीत, उशीवर डोकं टाकून छताकडे बघत राहिले.

दिवा लावला. अंधाऱ्या खोलीत तो लाल ठिपका कातडीवर पडला की भोवतीचं मांस आतून पेटल्यासारखं दिसतं. हे मोजत होते आणि मी धरून बसले होते. ह्या पायांना मी शेवटचा हात कधी लावला होता ते आठवेना. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. ह्यांच्या शर्टांची मापं मला पाठ आहेत, पण डाव्या पायावर घोट्याच्या वर एक जुना व्रण आहे हे मला आज कळलं. शिडीवरून पडले होते, म्हणाले. कधी, तर आमच्या लग्नाआधी.

१५ मार्च

पोट चाळीस. सव्वा इंच कमी. वजन दोन किलो उतरलं. दिवेबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "पाणी उतरवायच्या गोळ्या चालू आहेत ना, त्यांनी असेल." विनय म्हणावा तर असा. मला ठाऊक आहे कशानं उतरलं ते.

२२ मार्च

पोट साडेएकोणचाळीस.

हल्ली दिवा धरला की हे बोलायला लागतात. आयुष्यभर ब्रशनंच बोलले, तोंडानं कमी. काल म्हणाले, "रस्त्यावरचे सगळे बोर्ड उतरून नदीवर पाणी प्यायला गेलेत. मी रंगवलेले तेवढे रांगेत चाललेत, बाकीचे ढकलाढकली करतायत." डोळे अर्धे मिटलेले. मी विचारलं, "आपल्या शिवणाचा बोर्ड कुठाय?" "तो मागे राहिलाय. त्याला तुझ्याशिवाय करमत नाही."

असं काही हे मला कधी म्हणाले नव्हते. पाय हातात धरून मी तशीच बसले. शंभर होऊन गेले होते.

२९ मार्च

भिंगरी आली होती. कोपराच्या आत कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी. विचारलं तर म्हणाली, लिफ्टच्या तारेनं खरचटलं. आणि बारीक झालीय. तिच्या दोन पँटी कमरेला दीड दीड इंच आत घेतल्या. केक आणला होता तर तिनं खाल्ला नाही, रोज पाच किलोमीटर चालते म्हणाली. मी मनात म्हटलं, कुणीतरी भेटलेलं दिसतंय. आमच्या डोक्यावर आभाळ कोसळत असताना हिला भेटला, पण भेटला तर खरा. मी काही विचारलं नाही. ती आपणहून सांगेल.

जाताना दारात थांबली. "आई, तुला मला काही सांगायचंय का?"

"काय सांगायचंय?" मी म्हटलं. "नीट जेवत जा."

३ एप्रिल

पोट चाळीस. टेप जुनी झालीय, ताणली असेल.

हे दिवसा खूप झोपतात, रात्री टक्क जागे. दिवेबाई म्हणाल्या होत्या झोप लागेल, तशी लागते आहे, फक्त तिची वेळ चुकली आहे. संध्याकाळच्या दिव्याला मात्र जागे असतात. आज मोजताना साठपर्यंत गेले आणि परत चाळीसवर आले, पुन्हा साठ, पुन्हा चाळीस. मला कळलं, दिवा लवकर संपू नये म्हणून लबाडी चाललीय. मोजू दिलं.

आज ळ बद्दल बोलले. सगळ्या अक्षरांत ळ काढायला अवघड, त्याला दोन पोटं असतात आणि दोन्ही सारखी भरावी लागतात. "मी ळ मध्ये बसलोय," म्हणाले, "एका पोटात मी आणि एका पोटात तू, आणि खालून पाणी वाहतंय." मग डोळे मिटले. मला वाटलं झोपले. तर म्हणाले, "काठ दिसत नाही, पण काही घाई नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते सुखाचंच होतं. कितीतरी बायकांना नवऱ्याकडून सबंध आयुष्यात एवढं मिळत नाही.

७ एप्रिल

आज बाजारातून येताना खाटकाच्या दुकानाशी उभी राहिले. एक गिऱ्हाईक म्हणालं, अर्धा किलो काळीज द्या. खाटकानं काय काढून दिलं, तर यकृत. ते गडद लाल, चकचकीत. म्हणजे खाटकाला माहीत आहे काळीज कुठे असतं ते, आपणच उगाच छातीवर हात ठेवतो. काळीज धडधडलं, काळीज हललं, काळजाला घरं पडली. मला व्याकरण कळत नाही, पण काळजी हा शब्द तिथूनच आला असणार. एवढं सगळं एकट्या त्या अवयवावर टाकलं तर तो कडक होणार नाही तर काय होईल.

घरी येऊन हे ह्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. "तुकडा," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

११ एप्रिल

पोट साडेएकेचाळीस. टेप खरंच बदलायला हवी.

दिवेबाईंच्या खालच्या छत्रीवाल्याचा बोर्ड रंगवून द्यायचं ह्यांनी कबूल केलं होतं. खाटेवर बसूनच रंगवला. 'छत्र्या दुरुस्त करून मिळतील' असं हवं होतं, तिथे 'छत्या दुरुस करू मिती' झालंय आणि ओळ उजवीकडे खाली घसरलीय. हात जरा फडफडत होता. छत्रीवाला सज्जन, म्हणाला, "राहू दे, गंमत वाटते." ह्यांच्या हातून कधी वेलांटी चुकली नव्हती. दिव्यानं मन इतकं सैल झालंय की अक्षरंही सैल पडतात, असं मी त्याला सांगितलं. तो बोर्डाकडे बघत राहिला.

१७ एप्रिल

सहा आठवडे झाले. हॉस्पिटल.

डॉक्टरांनी ह्यांना हात पुढे करून पंजे ताठ धरायला लावले. पंजे फडफडले, पाखरांसारखे. मग कागद दिला आणि चांदणी काढायला सांगितली. ज्यांनी शेकडो बोर्डांवर डोळे मिटून चांदण्या काढल्या, त्यांना पाच टोकं जुळवता येईनात. चौथ्या टोकाला ते थांबले आणि माझ्याकडे बघून हसले.

डॉक्टर म्हणाले, "वही आणली?" मी अभिमानानं दिली. काहीही गाळलं नव्हतं. ते मागून पुढे वाचत गेले. बोर्ड नदीवर गेले ते, साठावरून चाळीस ते, ळ मधलं पाणी. वाचताना त्यांचा चेहरा बदलत गेला.

"हे तुम्ही मला आधी का नाही दाखवलं?"

मी म्हटलं, "त्यात दाखवण्यासारखं वाईट काय आहे?"

मग त्यांनी समजावलं. यकृत रक्त गाळतं. ते गाळेनासं झालं की घाण डोक्यात जाते. दिवसा झोप, रात्री जागरण, आकडे विसरणं, अक्षरं गळणं, आणि हे असं स्वप्नाळू बोलणं. हा दिव्याचा गुण नव्हता, आजार वाढत होता. आणि टेपही ताणलेली नव्हती.

ह्यांना दाखल करून घेतलंय. डोकं साफ व्हावं म्हणून एक गोड औषध सुरू केलंय. मी घरी आले आणि त्या पानांकडे बघत बसले. जे मी आयुष्यातलं सगळ्यात गोड म्हणून उतरवून ठेवलं, तो सगळा रोगाचा तक्ता निघाला. मला फार लाज वाटली. आणि लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वाटत होतं, की आता ते तसं बोलणार नाहीत. हे कुणाला सांगता येणार नाही म्हणून इथे लिहिते.

२१ एप्रिल

हे शुद्धीवर आले, म्हणजे पूर्ण. वर्तमानपत्रातली छापायची चूक काढून दाखवली. डॉक्टर येऊन म्हणाले की आता फार तर दोन-तीन महिने, घरच्यांशी बोला. ते गेल्यावर ह्यांनी मला जवळ बोलावलं.

"अगं, तुझं माप चुकलंय."

"कसलं माप?"

"दिव्याचं. दिवेबाई म्हणाल्या होत्या माप ज्याचं त्याचं. म्हणजे ज्याचं अंग त्याची बोटं. तू तुझी लावलीस." त्यांनी हात पसरला आणि माझ्या हाताशेजारी ठेवला. रंगाऱ्याचा पंजा तो, त्यांची चार बोटं म्हणजे माझी जवळजवळ पाच. "सगळ्या जागा चुकल्यात. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. नीट मापानं, सहा आठवडे. मग बघू."

एखाद्याचा कोट शिवायचा आणि माप आपल्या हाताचं घ्यायचं, असं मी पोरवयातही केलं नव्हतं. पण मी लिहिते ते खरं लिहिते. लाज वाटायच्या आधी एक क्षण मला आनंद झाला. अजून सहा आठवडे भिंगरीला विचारावं लागणार नव्हतं.

२२ एप्रिल

दिवेबाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पडदा सारखा केला.

"चुकलं खरं," म्हणाल्या. "पण बरोबर धरला असता तर यकृत बरं झालं असतं, असं मी कधी म्हणाले होते का?"

"नाही."

"मग माझ्या दिव्याआड लपू नका. दोघंही." मग त्यांनी विचारलं, "त्यांच्या कधी लक्षात आलं?"

हे मी ह्यांना विचारलंच नव्हतं.

२३ एप्रिल

विचारलं.

"पहिल्याच दिवशी," म्हणाले. "तू खडूनं फुली मारलीस तेव्हाच. अक्षरांतली अंतरं मोजण्यात जन्म गेला माझा, मला दिसणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"जपून ठेवलं होतं."

मला आधी अर्थच लागेना. ते खिडकीबाहेर बघत हळूहळू बोलत गेले. सहा आठवड्यांनी डॉक्टर पुन्हा भिंगरीचं नाव काढणार, तेव्हा सांगायला काहीतरी हातात हवं होतं. चुकलेलं माप. ते दुरुस्त करायला आणखी सहा आठवडे. "तेवढ्यात प्रश्न आपोआप मिटला असता," म्हणाले. "तिच्या पोटाला सुरी लागली नसती, आणि आपण प्रयत्न केला नाही असं तुलाही वाटलं नसतं."

मी आजवर ह्यांच्यावर आवाज चढवलेला नाही. आज चढवला. म्हटलं, "तुम्ही मरायचं ठरवलंत आणि माझ्या हातात दिवा देऊन बसवलंत. चाळीस संध्याकाळी मी तुमचे पाय धरून बसले होते. मी कोण होते तिथे?"

शेजारच्या खाटेवरच्या माणसानं कूस बदलली. हे खिडकीकडून माझ्याकडे वळले.

"त्या संध्याकाळी मला हव्या होत्या," म्हणाले. "ते काही औषधासाठी नव्हतं. काळजाचा तुकडा म्हणतात तिला. म्हण आहे तोवर ठीक आहे गं. कुणी खरंच कापून घ्यायला निघालं तर बापानं काय करायचं?"

एक गोष्ट मला तिथेच कळली. हे नाही म्हणत होते ते तिच्यासाठी. मी गप्प बसले होते ते माझ्यासाठी. विचारलं आणि तिचं काही बरंवाईट झालं तर विचारणारी मी असणार होते. तिनं नाही म्हटलं तरी मला तिच्याकडे पूर्वीसारखं बघता आलं नसतं. म्हणून मी सहा आठवडे कुणाला काही विचारलंच नाही, लाल ठिपका धरून बसले.

२४ एप्रिल

पूल ओलांडून भिंगरीकडे गेले. ती जमिनीवर बसून कसल्याशा लोखंडी चाकाला तेल देत होती. मी चपला काढल्या, पाणी प्यायले, तिच्या पडद्याची शिवण उसवली होती त्याबद्दल बोलले. मग बोलायला काही उरलं नाही.

"तुझ्या बाबांना," मी म्हटलं, आणि पुढचं येईना. मन चिंती ते वैरी न चिंती, तसं सगळं डोळ्यांपुढे येत होतं. तिनं तेलाची बाटली बाजूला ठेवली आणि थांबली. मदत केली नाही. तोंडात शब्द न घालता नुसती थांबली, आणि ते बरंच झालं.

"तुझ्या बाबांना तुझ्या यकृताचा तुकडा हवाय. त्यांना नकोय, पण हवाय. मलाही हवाय. आणि तूही हवी आहेस, धडधाकट. दोन्ही एकदम मागायला तोंड होईना, म्हणून आले नाही."

ती उठली आणि कपाटातून फाइल काढून माझ्या मांडीवर ठेवली. रक्ताचे, पोटाच्या फोटोंचे, हृदयाचे रिपोर्ट. सगळ्यांवर तिचं नाव. पहिली तारीख नऊ मार्च.

"जुळतंय," ती म्हणाली. "यकृतावर थोडी चरबी होती, ती उतरवायला सांगितली होती. सात किलो वजन उतरवलं."

"मला वाटलं, कुणीतरी भेटलाय."

"आई," ती म्हणाली, आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं. "मी रोज तुझ्या फोनची वाट बघत होते. डॉक्टर म्हणाले, घरात आधी बोलणं होऊ दे. मला वाटलं, तू कधीच विचारणार नाहीस. मला वाटलं, तुम्हाला माझं नकोय."

आम्ही दोघी त्या तेलकट वर्तमानपत्रावरच बसून राहिलो.

२६ एप्रिल

भिंगरी बाबांशी बोलली. त्यांनी तिचं सगळं ऐकलं आणि नाही म्हणाले. ती म्हणाली, "तुमच्यासाठी कोण करतंय? तुम्ही गेल्यावर आईला माझ्याकडे न्यावं लागेल. ती रोज माझ्या लग्नाचं काढेल आणि माझे पडदे उसवून पुन्हा शिवेल. माझ्यानं ते झेपणार नाही बाबा. त्यापेक्षा तुकडा देणं सोपं."

हे हसले. मग म्हणाले, "दुखेल गं."

"दुखेल."

"खूप."

"माहितीय. विचारून आलेय."

त्यांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. नंतर नर्सकडे पेन मागितलं. सही पहिल्यासारखी, वळणदार आली. मी दोनदा बघितली.

७ मे

हे सगळं बाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे.

सकाळी दोन स्ट्रेचर एकामागून एक निघाले. पुढे भिंगरी, मागे हे, आणि मध्ये मी. कॉरिडॉर लांब आहे आणि शेवटी त्याला दोन फाटे फुटतात, डावीकडे एक दार, उजवीकडे एक. तिथपर्यंत मी दोघांच्या मधून चालत आले. तिथे मला थांबावं लागलं. तिचं स्ट्रेचर डावीकडे वळायला लागलं. माझे पाय हलेनात. ह्यांनी मान वळवली नाही. छताकडे बघत म्हणाले, "इकडे नको येऊस. तिकडे जा."

मी तिकडे गेले. दारापाशी तिनं माझं बोट धरलं, लहानपणी धरायची तसं, आणि मग सोडलं.

दुपार गेली. समोरच्या काकूंनी डबा पाठवला, मीठ वगळून, आणि चिठ्ठीत, दारूबद्दल तसं विचारलं म्हणून माफी मागितली. मला जेवण गेलं नाही, पण चिठ्ठी दोनदा वाचली.

सव्वापाचला नर्स आली. भिंगरीचं झालं होतं. सगळं ठीक, शुद्धीवर येतेय. ह्यांचं अजून चालू आहे, आठ तरी वाजतील. मी विचारलं, काही बोलली का? नर्स म्हणाली, "हो, पण नीट कळलं नाही. ग्लानीत आहे ना. दोनदा तेच विचारत होती."

"काय?"

"'बाबांना बसलं का नीट?' असं काहीतरी."

आमच्या घरात कपडा शिवून झाला, गिऱ्हाइकानं तो अंगावर चढवला, की मी हेच विचारते, बसलं का नीट? नर्सला कसं कळणार. मी तिला म्हटलं, "तिला सांगा, अजून आत आहेत. घालून बघतायत. बाहेर आले की आईच येऊन सांगेल."